केबीसीची तयारी: चोवीस क्रम, दोन पंचांगं आणि एक शिडी

3 जुलै 2000 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. त्यांचा शेवटचा प्रश्न असा होता: भारतीय राज्यघटनेनुसार यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेता येतो? उत्तर अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे आपले महान्यायवादी. कलम 88. नवाथे तेव्हा नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करत होते आणि हे कलम त्या अभ्यासात येतंच. एक कोटीचा प्रश्न कुठल्या दुर्मिळ ग्रंथातून काढलेला नव्हता.

या एका प्रश्नावरून अभ्यास कसा करायचा ते ठरवता येतं. बाजारातली जाड सामान्य ज्ञानाची पुस्तकं सरळ रेषेत चालतात: सर्वांत उंच, सर्वांत लांब, पहिली महिला. केबीसीचे वरच्या पायरीवरचे प्रश्न मात्र ओळखीच्या गोष्टीकडे आडव्या बाजूने येतात. म्हणून एक माहिती वाचली की तिच्या आजूबाजूच्या चार गोष्टी तिथेच वहीत उतरवायच्या. महान्यायवादींची नेमणूक कोण करतं? राष्ट्रपती, कलम 76. त्यांना संसदेत मत देता येतं का? नाही. सॉलिसिटर जनरल हे पद घटनेत आहे का? नाही. चांद्रयान-3 घ्या. 23 ऑगस्ट 2023 ही उतरण्याची तारीख सगळ्यांना पाठ असते. पण उड्डाण 14 जुलैला झालं, रॉकेट एलव्हीएम3 होतं, उतरण्याच्या जागेला ‘शिवशक्ती’ नाव दिलं, चांद्रयान-2 चं लँडर जिथे आदळलं ती जागा ‘तिरंगा’ झाली आणि 2008 मध्ये चांद्रयान-1 ची कुपी पडली त्या जागेचं नाव ‘जवाहर’ आहे. पंचवीस लाखांचा प्रश्न या शेवटच्या दोन नावांतून येऊ शकतो, पहिल्या तारखेतून नाही. वर्षभरातल्या अशा दीडशे-दोनशे घटना या पद्धतीने पक्क्या केल्या तर त्या हजार तुटक ओळींपेक्षा जास्त कामाला येतात.

पण वाचन हा तयारीचा एकच भाग आहे. खुर्चीपर्यंत पोहोचणं, तिथे प्रश्न नीट कळणं आणि कुठे थांबायचं ते ठरवणं, यांचा सराव वेगवेगळा करावा लागतो. आपल्याकडे तो जवळजवळ कुणीच करत नाही, याची खंत वाटते.

निवडीबद्दल थोडक्यात. नोंदणीच्या दिवसांत वाहिनीवर रोज एक प्रश्न विचारला जातो आणि ठरलेल्या मुदतीत अ‍ॅपवरून किंवा एसएमएसने उत्तर द्यायचं असतं. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून संगणक नावं काढतो. इथे ज्ञानापेक्षा चिठ्ठीचा भाग मोठा असतो, त्यामुळे एकाही दिवसाचा प्रश्न चुकवायचा नाही. पुढे फोनवर प्रश्न, मग सामान्य ज्ञानाची चाचणी आणि मुलाखत. 2020 पासून यातलं बरंच ऑनलाइन झालं. वयाची अट 18 पूर्ण. नोंदणीतलं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं असू द्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची गाडी बहुतेकदा इथेच अडते, म्हणून कागद आधीच सरळ करून घ्या. मुलाखतीत आयुष्याबद्दल विचारतात. खरं, नेमकं आणि दोन मिनिटांत संपेल असं सांगा. रचलेली गोष्ट पुढच्या फेरीत उलटतपासणीला टिकत नाही.

आणि एक धोक्याची सूचना. ‘केबीसीत तुमच्या सिमकार्डाला 25 लाखांची लॉटरी लागली’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर तो फसवणुकीचाच आहे. निवडीसाठी किंवा बक्षिसासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. कुणी पैसे भरले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

आता ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’, म्हणजे खुर्चीवर कोण जाणार हे ठरवणारी फेरी. चार पर्याय योग्य क्रमाने लावायचे. चार गोष्टींचे चोवीस क्रम होतात, त्यामुळे डोळे मिटून दाबलं तर चोवीसात एक संधी. पण पहिला आणि शेवटचा नक्की माहीत असेल तर मधले दोनच उरतात आणि संधी थेट दोनात एक होते. म्हणून आधी दोन टोकं शोधायची, मग मधली जोडी. सगळ्यांत जास्त चुका ज्ञानात होत नाहीत, दिशेत होतात. ‘चढता क्रम’ की ‘उतरता क्रम’, ‘उत्तरेकडून दक्षिणेकडे’ की उलट, ‘सर्वांत अलीकडचं आधी’ की शेवटी. पर्याय दिसायच्या आधी प्रश्नातला हा एक शब्द पकडायचा आणि मनात उच्चारायचा. बोटं चारही बटणांच्या वर तरंगती ठेवायची, टेकलेली नाही.

सरावासाठी फसवे क्रम निवडा. छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही तिन्ही राज्यं नोव्हेंबर 2000 मधलीच, पण 1, 9 आणि 15 तारखेची. ग्रहांचा सूर्यापासूनचा क्रम सगळ्यांना येतो, आकाराचा येत नाही: बुध, मंगळ, शुक्र, पृथ्वी, नेपच्यून, युरेनस, शनी, गुरू. त्यातही नेपच्यून युरेनसपेक्षा वजनाने जड आणि व्यासाने लहान आहे. पहिले चार राष्ट्रपती, पहिले चार पेशवे, रामायणाची सात कांडं, भोपाळ-नागपूर-हैदराबाद-बंगळूरू ही उत्तर-दक्षिण ओळ. घरातल्या कुणाला तरी अशा चार-चार चिठ्ठ्या करायला सांगा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून रोज वीस क्रम लावा. 2021 च्या हंगामात याच फेरीत एकाऐवजी तीन प्रश्नांची चाचणी आली आणि एकूण वेळ धरला गेला. तिथे एक चुकीचं उत्तर वेगाने भरून काढता येत नाही.

मराठी माणसासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग पुढचा आहे. हा खेळ हिंदीत चालतो आणि आपल्याला हिंदी ‘येतं’ अशी आपली ठाम समजूत असते. चित्रपटांचं हिंदी येतं, खरं आहे. पण प्रश्नपत्रिकेचं हिंदी वेगळं असतं आणि देवनागरी लिपी एकच असल्यामुळे फसगत जास्त होते. हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. ‘संविधान संशोधन’ ही आपली घटनादुरुस्ती, आणि आपल्या संशोधनाला ते ‘अनुसंधान’ म्हणतात. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, ‘घटना’ म्हणजे प्रसंग. ‘सीसा’ हा शिसे धातू आणि ‘शीशा’ ही काच. ‘अरुण’ म्हणजे युरेनस, ‘वरुण’ म्हणजे नेपच्यून. ‘मुख्य न्यायाधीश’ हे आपले सरन्यायाधीश.

पहिल्या पाच प्रश्नांत हे जास्त बोचतं, कारण ते प्रश्न घरातले, स्वयंपाकघरातले, नात्यांतले असतात. अजवाइन म्हणजे ओवा, सौंफ म्हणजे बडीशेप, चिरौंजी म्हणजे चारोळी, लौकी म्हणजे दुधी, कटहल म्हणजे फणस, शरीफा म्हणजे सीताफळ. समधी म्हणजे व्याही, जेठ म्हणजे मोठा दीर. मुहावरे तर वेगळे पाठच करावे लागतात. ‘ऊँट के मुँह में जीरा’ आपण ऐकलेलं असतं, पण रिकामी जागा भरायला दिली की जिरं की मोहरी, असा घोळ होतो. कबीर आणि रहीम यांचे शंभरेक दोहे, एक हिंदी मुहावरा कोश आणि महिनाभर रोज एक हिंदी वर्तमानपत्र, एवढं केलं तर ही फट बरीच बुजते.

आणि पंचांग! तिथीवरचे प्रश्न केबीसीत हमखास येतात. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्ही पंचांगं जुळतात, म्हणून गणेश चतुर्थी दोन्हीकडे भाद्रपदातली आणि रक्षाबंधन दोन्हीकडे श्रावणातलं. कृष्ण पक्षात मात्र त्यांचा महिना आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपली आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. दिवस तोच, महिन्याचं नाव निराळं. लहानपणापासून ‘श्रावण वद्य अष्टमी’ म्हणत आलेला माणूस पर्यायांत ‘श्रावण’ दिसला की बेधडक लॉक करतो. नियम एवढाच: प्रश्न हिंदीत आणि तिथी कृष्ण पक्षातली असेल तर आपल्या महिन्यात एक मिळवा. रामायणातही असंच आहे. वाल्मीकींचं युद्धकांड तुलसीदासांकडे लंकाकांड होतं. प्रश्नात ‘रामचरितमानस’ आहे की ‘रामायण’, हे वाचल्याशिवाय उत्तराकडे वळायचं नाही.

मराठीतल्या कार्यक्रमाची गोष्ट याच्या उलट. 2013 मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ सचिन खेडेकर यांच्यासह आलं. 2019 मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ नागराज मंजुळे यांनी केलं आणि 2021 मध्ये खेडेकर परत आले. तिथे संतवाङ्मय, नाटक, गडकोट, जिल्हे-तालुके हे आपलं घरचं मैदान. तरीही शाळेनंतर अभंग आणि मराठी म्हणी उघडून पाहिलेल्या नसतात, तेव्हा ‘घरचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

लाइफलाइनचे प्रकार हंगामागणिक बदलतात, पण तीन कायमच्या ओळखीच्या आहेत. प्रेक्षकांचं मत खाद्यपदार्थ, चित्रपट, क्रिकेट, रोजच्या वापराच्या वस्तू यांसाठी उत्तम. लोकप्रिय गैरसमजावर ते घातक ठरतं. भारताचा राष्ट्रीय खेळ विचारला तर सभागृह मोठ्या बहुमताने हॉकी म्हणेल, आणि अधिकृतपणे तसा कुठलाच खेळ जाहीर झालेला नाही. टक्के वाचायला शिका. 75 टक्के एका बाजूला असतील तर लोकांना माहीत आहे. 35, 30, 20, 15 असेल तर सभागृह अंदाज करतंय, आणि त्या 35 ला तुमच्या स्वतःच्या अंदाजाइतकीच किंमत आहे. म्हणून ही लाइफलाइन पहिल्या दहा प्रश्नांतच खर्च करावी.

मित्राला फोन लावायचा तर अर्ध्या मिनिटाचा सराव करा. पंचवीस शब्दांचा प्रश्न आणि चार पर्याय वाचायला बारा ते पंधरा सेकंद जातात, उरलेल्यात मित्राने उत्तर द्यायचं असतं. नमस्कार-चमत्कार नाही. पहिल्या शब्दात विषय सांगा, ‘इतिहास’ किंवा ‘टेनिस’, मग प्रश्न, मग पर्याय, आणि शेवटी ‘किती टक्के?’ हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि मित्राचं ‘मला वाटतं बी’ हे ‘बी आहे’ असं ऐकलं जातं. मित्र निवडताना एक हुशार माणूस पाचदा निवडू नका. राज्यघटना-इतिहास, विज्ञान, खेळ, पुराणं, सिनेमा असे विषय वाटून द्या. त्यांच्याबरोबर किमान दहा खोटे फोन करून बघा.

पन्नास-पन्नासबद्दल एक हिशेब सांगतो. तुमचा घोळ ए आणि सी यांच्यात आहे आणि उत्तर त्या दोघांतच आहे असं धरा. संगणक तीन चुकीच्यांपैकी एक यादृच्छिक ठेवत असेल, तर नेमकी तुमचीच जोडी उरण्याची शक्यता तीनात एक. उरलेल्या दोन वेळा घोळ तिथेच मिटतो. म्हणजे दोघांत अडकलेल्या माणसालाही ही लाइफलाइन उपयोगी आहे. तिचा सर्वांत वाईट वापर म्हणजे चारही पर्याय परके असताना वापरणं. तेव्हा दोन परके पर्याय उरतात आणि लाइफलाइन गेलेली असते.

आता शिडी. 2019 च्या हंगामाची घेऊ: 1 हजार, 2, 3, 5, 10 हजार, मग 20, 40, 80 हजार, 1 लाख 60 हजार, 3 लाख 20 हजार, 6 लाख 40 हजार, साडेबारा लाख, 25 लाख, 50 लाख, 1 कोटी, 7 कोटी. हमखास टप्पे, म्हणजे पुढे चुकलात तरी हातात राहणाऱ्या रकमा, दोन: 10 हजार आणि 3 लाख 20 हजार. पहिल्या पाच प्रश्नांना 45 सेकंद, पुढच्या पाचांना 60, त्यानंतर घड्याळ नाही. तुमच्या हंगामात आकडे बदलले असतील तर खालची रीत त्या आकड्यांवर पुन्हा करा.

सहाव्या आणि अकराव्या प्रश्नाला चुकलात तरी काही जात नाही. तुम्ही टप्प्यावरच उभे असता आणि चुकून टप्प्यावरच परत येता. तिथे उत्तर न देता खेळ सोडणं हा या खेळातला एकमेव निखालस चुकीचा निर्णय आहे. काहीच येत नसेल तरी उत्तर द्या.

बाराव्याला गणित बदलतं. हातात 6 लाख 40 हजार असतात. बरोबर आलं तर साडेबारा लाख, चुकलं तर 3 लाख 20 हजार. खात्री 34 टक्क्यांच्या वर असेल तर सरासरीने खेळणं फायद्याचं. 25 लाखांच्या प्रश्नाला ही सीमा 43 टक्के, 50 लाखांना 47, एक कोटीला 48. म्हणजे पन्नास-पन्नासनंतर नाणं उडवलं तरी कागदावर खेळणंच बरोबर ठरतं. आणि सात कोटींच्या प्रश्नाला सीमा अवघी 14 टक्के, कारण बक्षीस एकदम सातपट होतं.

पण कागदावरची सरासरी शंभर वेळा खेळणाऱ्यासाठी असते, आणि खुर्ची एकदाच मिळते. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या आणि सात कोटींच्या प्रश्नाला थांबल्या. शाळेत मध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक करणाऱ्या ताडेताईंचं मानधन महिन्याला 1,500 रुपये होतं. चुकल्या असत्या तर एक कोटीचे 3 लाख 20 हजार झाले असते. त्यांचं थांबणं शंभर टक्के योग्य होतं, आणि 14 टक्क्यांचा हिशेब कुणी त्यांच्यासमोर मांडला असता तरी योग्यच राहिलं असतं.

मग करायचं काय? घरी बसून, शांत डोक्याने, प्रत्येक पायरीपुढे स्वतःचा आकडा लिहायचा. कर्ज किती, मुलांची शिक्षणं कुठवर आली, किती रक्कम गमावणं परवडेल, यावरून. उदाहरणार्थ 25 लाखांना 60 टक्के, 50 लाखांना 75, एक कोटीला 85. सोबत येणाऱ्या माणसालाही तो कागद दाखवा, म्हणजे प्रेक्षकांतून त्याचा चेहरा वेगळंच काही सांगणार नाही.

अडचण अशी की ‘मला 70 टक्के खात्री आहे’ हे आपल्याला नीट कळत नाही. त्याचाही सराव आहे. चार पर्यायांचे दोनशे प्रश्न सोडवा आणि प्रत्येक उत्तरापुढे खात्रीचा आकडा लिहा. नंतर ज्यांच्यापुढे 70 लिहिलंय ती उत्तरं वेगळी काढा. त्यांतली खरोखर किती बरोबर आहेत? शंभरात पन्नासच निघाली तर तुमचे 70 म्हणजे प्रत्यक्षात 50, आणि खुर्चीत बसल्यावर तेवढेच धरायचे. या एका सरावाला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ द्या, असा माझा आग्रह आहे.

चित्रीकरणाचा दिवस लांबतो. स्टुडिओ थंडगार असतो आणि पाळी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून आदल्या रात्रीची झोप अभ्यासापेक्षा मोलाची. बारीक चौकड्यांचा सदरा कॅमेऱ्यात थरथरतो, साधा एकरंगी बरा. मंगळसूत्र किंवा माळ कॉलरच्या माइकला घासली की आवाज खराब होतो. विचार करताना पर्यायाचं अक्षर मोठ्याने उच्चारू नका. ठरलं की एकदाच, स्पष्ट, अक्षर आणि उत्तर दोन्ही सांगा. लॉक झाल्यावर मागे फिरता येत नाही.

शेवटी कर, कारण जिंकलेली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांत मोठं अंतर असतं. अशा बक्षिसावर सरसकट 30 टक्के कर आहे. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी करमुक्त मर्यादा इथे लागू होत नाही, विमा-पीपीएफची वजावट मिळत नाही, प्रवासखर्चही वजा करता येत नाही. साडेबारा लाखांवर 3 लाख 75 हजार कर आणि त्यावर 4 टक्के उपकर 15 हजार, म्हणजे हाती 8 लाख 60 हजार. वाहिनी देताना फक्त 30 टक्के कापून घेते. उपकर आणि 50 लाखांपुढचा अधिभार (मोठ्या उत्पन्नावर कराच्या रकमेवर लागणारा जादा कर) आपल्याला नंतर भरावा लागतो, आणि चूक इथेच होते. एक कोटीला कापून 70 लाख खात्यात येतात. पण 10 टक्के अधिभार आणि उपकर धरून एकूण कर 34 लाख 32 हजार होतो. इतर उत्पन्नामुळे एकूण आकडा एक कोटीच्या पुढे गेला तर अधिभार 15 टक्क्यांचा. खात्यातल्या त्या 70 लाखांतले 4 लाख 32 हजार तुमचे नाहीत. पैसे जमा होतील त्याच दिवशी ते वेगळ्या खात्यात टाका आणि आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्याला भरून मोकळे व्हा. 15 डिसेंबरनंतर रक्कम मिळाली असेल तर तो हप्ता 15 मार्चचा.